फ्रान्सच्या गावात कानबाईचा रोट

हे कुणाला खरं वाटायचं नाही. ज्याला वाटेल त्याने सुरतेतल्या लिंबायतची एकही गल्ली पाहिलेली नाही, असं खुशाल समजावं. पण लुमांचा, म्हणजे कापडाच्या मागांचा, मिस्त्री हिलाल, एखादा स्क्रू हरवला तर शेठच्या बापालाही न सोडणारा आपला हिलाल, एका श्रावणी रविवारी फ्रान्स देशातल्या एका पुराण्या गावात लाल भोपळा शोधत उन्हातान्हात फिरला. भोपळा मिळाला. गहूही मिळाले. ते दळायला जातं मिळालं, आणि ते कुठे मिळालं हे ऐकून बारडोलीच्या रामदासभाऊंनी चहाची बशी तोंडाशी नेली ती तिथेच धरून ठेवली.

हिलाल हे सांगत होता ते काही वेळ घालवायला नव्हे. त्याच्या लेकीचं, नूतनचं, लग्न त्या दुपारी जुळायचं किंवा मोडायचं होतं. रामदासभाऊ मूळचे अमळनेरकडचे, बारडोलीच्या साखर कारखान्यात कामाला. मुलगा कुंदन त्याच कारखान्यात लागलेला. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. खमण झालं, चहा झाला, मुलगी पाटावर बसून नाव सांगून आत गेली. अडलं होतं एकाच ठिकाणी. रामदासभाऊंची आई मालतीबाई खाटेवर मांडीत कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत नारळ, सुपारी आणि खण. तो खण त्यांनी नूतनच्या ओटीत घातला की सोयरीक पक्की. पण पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलेलं होतं, आणि मालतीबाईंचंही.

हिलालची नजर त्या गाठीवर. गुडघा हलत होता. उजवा थांबवला की डावा हलायला लागे.

"हिलालभाऊ, फ्रान्सचं सांगा ना," रामदासभाऊ म्हणाले. "भिकनभाऊ म्हणे, तुम्ही तिकडे महिनाभर राहिलात."

भिकन म्हणजे शेजारचा रिक्षावाला. हे स्थळ त्यानेच आणलेलं. 'मुलीचा बाप फ्रान्सला जाऊन आलाय' हे वाक्य त्याने बारडोलीत इतक्या ठिकाणी पेरलं होतं, की रामदासभाऊंनी मुलीचा फोटो बघायच्या आधीच होकाराचा विचार चालवला होता.

"सांग रे, सांग," भिकन म्हणाला. "पाहुण्यांना पण कळू दे. हे बघा, हे कॅलेंडर तिकडचंच. त्या गावचंच. वर्ष संपून किती दिवस झाले, पण ह्याच्या भिंतीवरून उतरत नाही."

कॅलेंडर खाटेच्या वर, पाहुण्यांच्या पाठीमागे टांगलेलं होतं. हिलाल बरोबर त्याच्या समोर बसला होता. योगायोगाने नव्हे.

फ्रान्सचं खरं-खोटं एकदा सांगून टाकलेलं बरं. सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी गोपालशेठने तिकडचे जुने लूम विकत घेतले, हे खरं. ते सोडवून खोक्यांत भरायला हिलालला न्यायचं ठरलं, हेही खरं. पासपोर्ट झाला. एका मयत पारशाचा कोट मिळाला. अख्ख्या गल्लीने हार घालून, ताशा लावून त्याला सुरत स्टेशनावर गाडीत बसवलं. आणि मुंबईच्या विमानतळावर शेठने तिकीट काढून दिलं ते आपल्या साल्याच्या हातात. "ए तारुं काम नथी, हिलाल. खोकी इकडे आली की उघडायला तूच," एवढं म्हणून शेठ काचेच्या दारापलीकडे गेला. गळ्यात हार पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी तोंड कसं दाखवणार? तो आला तो शेठ परतल्यावरच, साल्याने दिलेलं कॅलेंडर काखेत घेऊन. मधल्या दिवसांत तो कुठे होता हे गल्लीत दोघांनाच माहीत. एक तो स्वतः. दुसरी त्याची बायको प्रमिलाबाई. ती आत्ता स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि नवऱ्याला डोळ्यांनी विनवत होती, की आज नको, आज तेवढं नको.

पण रामदासभाऊ पुढे सरकले होते, आणि हिलालचं एक होतं. समोर ऐकणारा पुढे सरकला, की त्याला मागे सरकता येत नसे.

"त्याचं काय आहे रामदासभाऊ," तो म्हणाला, "त्या गावाचं नाव आपल्या तोंडाला झेपणारं नाही. अर्धं नाकात म्हणायचं, अर्धं म्हणायचंच नाही. मी आपलं त्याला नदीवरचं गाव म्हणायचो. भोवती तट. दगडाचा. आपल्या सुरतेच्या किल्ल्यासारखे दहा किल्ले त्या तटात झोपवून ठेवता येतील."

शेजारच्या कारखान्यात लूम खडखडत होते. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची गल्लीतल्या सगळ्यांना सवय. टेबलफॅन मान फिरवत होता, आणि तो खाटेकडे वळला की कॅलेंडरची पानं फडफडत, एखादं उलटत असे. हिलाल दिसेल ते सांगत होता.

"गावात शिरायला पूल. त्याच्यावर घरं. पुलावर घरं, भाऊ! खाली नदी, वर बाई भांडी घासते. पुलापलीकडे गल्ल्या, इतक्या चिंचोळ्या की समोरून जाडा माणूस आला तर एकाने मागे जायचं. आणि सगळीकडे बर्फ."

"बर्फ?" रामदासभाऊंनी विचारलं. "तुम्ही श्रावणात गेला होतात ना?"

पंखा वळला. पान उलटलं. नव्या पानावर फुलं होती.

"वरच्या आळीत बर्फ. खालच्या आळीत फुलं. हेच तर तिथलं नवल. वरच्या आळीतली माणसं कोट घालून खाली उतरतात आणि कोपऱ्यावर खुंटी आहे, तिला तो टांगून ठेवतात."

"अरे वा!" भिकन म्हणाला.

आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला. प्रमिलाबाईंचा तो इशारा लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हिलालला ओळखीचा होता. त्याने तिकडे पाहिलं नाही.

पण त्याने मालतीबाईंकडे पाहिलं. म्हातारी ऐकतच नव्हती. तिचं लक्ष दाराकडे. मधेच तिने रामदासभाऊंना कोपराने ढोसून आपल्या अहिराणीत विचारलं, "एस्टी कितीले शे?"

"एस्टीला वेळ आहे अजून, माय."

तट, पूल, बर्फ, कोट, काही काही त्या बाईला लागत नव्हतं. पिशवीची गाठ होती तशी. ही बाई अशीच उठून गेली, तर बारडोलीला पोचेपर्यंत तिच्या मनात दुसरी मुलगी येईल. आणि नूतनला हे तिसरं स्थळ. आधीची दोन अशीच 'कळवतो' म्हणून गेली होती. ह्या वेळी पोरीने आरशासमोर किती वेळ घालवला ते त्याने पडद्याआडून पाहिलं होतं.

मग त्याने जे केलं, ते आजवर शेकडो वेळा फ्रान्स सांगताना कधी केलं नव्हतं.

"आणि आत्या," तो थेट मालतीबाईंना म्हणाला, "त्या दिवशी कानबाई होती."

म्हातारीची मान वळली. पहिल्यांदा वळली. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातला माणूस जगात कुठेही असो, त्याच्या घरी कानबाई, नारळाची देवी, बसते आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाच्या गव्हाचा रोट, म्हणजे जाड पोळी, भाजतात. आणि मालतीबाईंच्या घरी ती ज्या थाटाने बसे, तो बारडोलीत अजून कुणाला जमला नव्हता.

"त्या दिवशी? कानबाई व्हती?"

"हो ना! सकाळी उठलो. शेठ घोरतोय. गिरणीच्या खोलीत आम्ही दोघंच. चहा प्यायला उठलो आणि एकदम छातीत धस्स झालं. आज रविवार. नागपंचमी झाली. घरी माझ्या नावाचा रोट होतोय आणि मी इथे! आत्या, त्या दिवशी मला एका जागी बसवेना. खोलीत चार फेऱ्या मारल्या. शेठ म्हणाला, शांती राखो. कसली शांती? मी पायात जोडे घातले आणि निघालो. म्हटलं, नैवेद्य झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही."

"मंग? नैवेद्य कसा कया?"

गाठीवरचा म्हातारीचा हात सैल झाला होता. हिलालने तो पाहिला आणि त्याच्या अंगात वारं शिरलं.

"तेच सांगतो. त्या गावात रविवारी बाजार भरतो. गावाच्या पोटात एक छप्पर, लाकडाचं, खाली दगडी खांब. पाचशे वर्षांचं म्हणे. एकेका खांबाला चौघांनी मिठी मारावी. त्याच्याखाली सगळा बाजार. मी आत शिरलो. पाव बघावे तर हातहातभर लांब. कापडाचा तागा गुंडाळायचा रूळ असतो ना, तसे. लोक काखेत धरून चालतात. लहान मूल रडलं की त्याच्या तोंडात टोक घालतात. पण पाव घेऊन मी काय करू? मला हवेत गहू."

"बरोबर," मालतीबाई म्हणाल्या.

"पुढे एक दुकान. वासानेच मला वाटलं गटार फुटलं. बघतो तर काय, दूध! दुधाचं ते काय करतात कानबाई जाणे, पण वर्षवर्ष सडवतात आणि मग काचेच्या कपाटात देवासारखं मांडतात. निळं, हिरवं, केस आलेलं. दुकानदारीण सुरीच्या टोकावर धरून म्हणते, घ्या. मी हात जोडले. उपास, बाई, उपास."

रामदासभाऊ हसले. भिकन मांडीवर थाप मारून हसला. मालतीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण डोळे हसत होते.

"त्याच्यापुढे टोपलीत गोगलगायी. विकायला. खातात!"

"शी शी!"

"जिवंत, आत्या. माझ्याकडे बघत होत्या. एक तर टोपलीतून उतरून माझ्या मागे लागली. मी भाजीवाल्याकडे गेलो, ती भाजीवाल्याकडे. मी फुलवाल्याकडे, ती फुलवाल्याकडे. शेवटी तिला हाताने परत टोपलीत ठेवली, तेव्हा मालक मला लवून नमस्कार करतो."

"बरं ते जाऊ दे. गंगाफळ?" म्हातारीने दटावलं. लाल भोपळ्याची भाजी नसेल तर कानबाईचं ताट पुरं होत नाही. तिचा जीव तिथे अडकला होता.

"गंगाफळ होतं. बैलगाडीच्या चाकाएवढं. पण आत्या, त्याने ते कापून ठेवलेलं. फोड फोड विकत होता. म्हटलं, कापलेलं मी कानबाईला कसं दाखवू? मी त्याला हाताने अख्खा भोपळा काढून दाखवला. त्याला वाटलं, मी त्याला जाडा म्हणतोय. तो चिडला. मी पोटावर हात ठेवला, मग वर आभाळाकडे दाखवलं, मग नाकात नथ दाखवली. बाजार गोळा झाला. कुणाला वाटलं माझ्या बायकोला दिवस गेलेत. एका म्हातारबुवाने मला मिठी मारली. भाजीवाल्याचे डोळे भरून आले, त्याने दुकानाखालून अख्खं गंगाफळ काढलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं."

"डोक्यावर?"

"डोक्यावर. ते घेऊन मी अख्खं गाव हिंडलो. दूध मिळालं. तूप नाही, पण लोणी मिळालं, मी म्हटलं कढवू. नारळ अननसांच्या ढिगात एकुलता एक, माझीच वाट बघत बसलेला. गहू एका घोडेवाल्याकडे. सगळं झालं, आणि टण्ण! देवळाच्या घड्याळात बाराचे टोले. आणि काय सांगू भाऊ, एका क्षणात बाजार गुल. फळ्या खाली, कुलपं, रस्त्यात चिटपाखरू नाही. कर्फ्यू लागल्यासारखं. माणसं जेवायला गेली. मी एकटा. डोक्यावर भोपळा, हातात गहू. आणि दळायचे कुठे?"

"पीठ घेयेल नही ना बाजारनं?" मालतीबाईंनी कडक आवाजात विचारलं. "रोटले बाजारनं पीठ चालत नही."

"छे छे! म्हणून तर. मी पळायला लागलो. वर चढलो, खाली उतरलो. प्रत्येक दारावर थाप. जातं, जातं! कुणी कवाड उघडेना. ऊन डोक्यावर, जीव नुसता वर-खाली. शेवटी टेकडीवर किल्ला. राजाचा. आत राजा नाही, तिकीट लावून बघायला ठेवलाय. तलवारी, पलंग, राणीचा आरसा. मी आरशात पाहिलं, भोपळ्याखाली मीच. पुढच्या दालनात गेलो आणि..." हिलाल थांबला. त्याला थांबता फार चांगलं येत असे.

"आणि?" रामदासभाऊंची बशी तोंडाशी होती.

"जातं! दगडी. आपल्या खानदेशातल्यासारखं, अगदी खुंट्यासकट. भोवती लाल दोरी बांधून ठेवलेलं. राजाच्या आजीचं म्हणे. मी दोरी ओलांडली, पाय पसरले आणि बसलो दळायला."

बशी तिथेच राहिली.

"दळलंस? राजाच्या जात्यावर?" भिकनने हे आजवर ऐकलं नव्हतं. त्याच्या आवाजात थोडा संशय होता, पण अभिमान जास्त होता.

"कानबाईचं गाणं म्हणत म्हणत दळलं. पहारेकरी धावत आला, मिशा अशा. त्याने गाणं ऐकलं आणि टोपीच काढली. फोटो काढणारे जमले. त्यांना वाटलं किल्ल्यातलाच कार्यक्रम आहे. एक गोरी बाई तर समोर बसून खुंट्याला हात लावायला..."

"लावा?" मालतीबाई ताठ झाल्या. "रोटना दळणले परकी बाईना हात?"

स्वयंपाकघरात एकदम काहीतरी सांडलं.

"नाही नाही नाही," हिलाल घाईने म्हणाला. "लावू देईन का? मी म्हटलं, बाई, लांब. तिला कळलं. ती लांबून हात जोडून उभी राहिली."

मालतीबाईंनी श्वास सोडला. हिलालनेही सोडला. आत प्रमिलाबाईंनी सोडला तो मात्र भिंतीला ऐकू गेला असेल.

आणि त्याच वेळी लाइट गेली.

शेजारचे लूम एकामागून एक थांबले. असली शांतता लिंबायतला दुपारी पचत नाही. माणसं दारात येऊन उगाच वर तारांकडे बघू लागतात. पंखा थांबला. कॅलेंडरचं पान एका जागी राहिलं. त्याच्यावर दगडी दारात उभी असलेली एक म्हातारी होती, डोक्याला रुमाल, हातात रिकामी टोपली, तोंडावर हजार सुरकुत्या. दुसरं काहीच नव्हतं. हिलालने मनातल्या मनात पंख्याला विनवलं. पंखा मख्ख.

"मंग चूल?" मालतीबाईंनी विचारलं. आता त्यांचा आवाज नुसता मऊ नव्हता, त्यात ओढ होती. परमुलखात एकटा माणूस कानबाईसाठी धावतोय, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं. "चूल कथी मिळनी?"

"एक म्हातारी होती," हिलाल पानाकडे बघत म्हणाला. "किल्ल्याखाली दगडाचं घर. दारात उभी होती. डोक्याला रुमाल. माझ्या तोंडाकडे बघितलं, काही विचारलं नाही, बाजूला झाली. आत चूल. मी चूल पोतेरली. नारळाला डोळे काढले, चुन्याचे. नथ नव्हती, म्हातारीने आपल्या कानातलं काढून दिलं. खिडकीत कानबाई बसवली, आत्या, नदीकडे तोंड करून. रोट भाजले, खीर केली, गंगाफळाची भाजी केली. आणि आरती म्हणताना माझा आवाज फुटला. आपली माणसं कुठे, आपलं गाव कुठे, आणि ही माय बघा, माझ्यासाठी इतक्या लांब आली."

मालतीबाईंनी पदराने डोळे पुसले. मग त्या पिशवीची गाठ सोडायला लागल्या. घट्ट बसलेली गाठ, म्हातारी बोटं, दोनदा नख अडकलं, पण सुटली. नारळाची शेंडी वर आली. खणाचं हिरवं टोक दिसलं. पडद्याआड बांगड्या वाजल्या. नूतन तिथेच उभी होती तर.

हिलालने इथे थांबायला हवं होतं. नूतनला बाहेर हाक मारली असती, नुसता खोकला असता, तरी चाललं असतं. पण रामदासभाऊंनी बशी खाली ठेवली आणि भारावून विचारलं, "त्या माउलीचे उपकार कसे फेडलेत हो?" आणि ऐकणारा इतका जवळ आलेला असताना हिलालला हात आखडता घेता आला नाही.

"कसे म्हणजे? तिला ताट वाढलं ना! दोन रोट, वर लोणी. तिने एक घास घेतला आणि रडली हो. म्हणाली, असं मी जन्मात..."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. ती सगळ्यांना ऐकू आली.

मालतीबाईंचा हात पिशवीतच थांबला होता.

"रोट दिधा?" त्या हळू म्हणाल्या. "परकाले?"

"म्हणजे..." हिलाल खाटेकडे सरकला. "रोट म्हणजे... तो उरलेला..."

"आमना घर सासरले गयेल पोरलेबी रोट देतस नही. पोटनी पोरले! आणि तुम्ही कानबाईना रोट जातीना ना पातीना, वाटवरनी बाईले?"

"खीर दिली, आत्या! खीर! चुकून तोंडातून..."

"दोन रोट, वर लोणी. मना कान शेतस अजून."

"माय, अगं परदेशात होते ते," रामदासभाऊ मधे पडले. "एकटा माणूस..."

"एकटाच व्हता तर उपाशी राहता! कानबाईना कोप झाया तर कोन्हावर व्हई? जी पोर ह्या घरमाईन आपला घर येई तिनावर. आणि मंग आपलावर." त्यांनी खणाचं टोक आत दाबलं. नारळ आत गेला. गाठ बसली. सोडताना इतकी छळणारी गाठ बांधताना एका दमात बसली. "ऊठ, रामदास."

भिकनने हिलालच्या पाठीत चिमटा काढला. "अरे बोल ना काही! इतका वेळ बोलतोयस!"

हिलालला बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या आणि दोन्ही त्याच्याच तोंडाने बंद केलेल्या. रोट दिला म्हणावं, तर देवीचा अपराध त्याच्या घरात, लेकीच्या कपाळी. दिला नाही म्हणावं, तर म्हातारी खोटी, चूल खोटी, किल्ला खोटा, आणि रामदासभाऊ ज्या फ्रान्ससाठी आले तो फ्रान्सच खोटा. मग बारडोलीत, अमळनेरात, सगळीकडे पसरलेलं एकच वाक्य राहील, की मुलीचा बाप खोटारडा. त्याचे दोन्ही गुडघे एकदम थांबले. तो कॅलेंडरातल्या बाईकडे बघत राहिला. तीही त्याच्याकडे बघत राहिली, रिकामी टोपली घेऊन.

मालतीबाई उठल्या. खाटेला धरत, भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत गेल्या. त्यांनी एका पायात चप्पल सरकवली. पडद्यामागे कुणाचा तरी हुंदका अर्धा बाहेर येऊन आत गेला.

"खोटं बोली राहिना हाऊ माणूस!"

प्रमिलाबाई चौकटीतून बाहेर आली होती. पदर खोचलेला, हाताला पीठ लागलेलं. इतकी वर्षं जे तोंड पातेली आपटून बोलायचं ते आज उघडलं होतं, आणि थांबायचं नाव घेत नव्हतं.

"रोट नही दिधा कोन्हाले, आत्या! कुठे देईल? कधी गेला हा फ्रान्सला? त्या शेठने मुंबईहून हाकलला ह्याला. इथेच, सुरतेबाहेर इच्छापोरच्या गोदामात पत्र्याखाली झोपायचा, वॉचमनच्या हातचं खायचा, आणि इथे अख्खी गल्ली मला विचारायची, वहिनी, फ्रान्सहून फोन आला का? हा भिकनभाऊच विचारायचा, रोज!"

भिकन उगाच बाहेर तारांकडे बघू लागला.

"आणि कानबाईचा दिवस म्हणाल, तर त्या दिवशी मी गहू घेताना ह्यांच्या नावाची सव्वा मूठ घेतली होती. घ्यावीच लागते, घरचा माणूस आहे. मग तो रोट कोणी खायचा? दुसऱ्याला चालत नाही, टाकता येत नाही. मी कळवलं, मेलेत तरी या आणि आपला रोट संपवा. आले. तोंडाला गमछा बांधून, मागच्या गल्लीने, चोरासारखे. खाली कानबाईसमोर सगळे गात होते आणि हे माळ्यावर, पोत्यांच्या आड बसून रोट खात होते. शिडी मी धरली होती, आत्या. चावल्याचा आवाज येऊ नये म्हणून खाली मी झांजा वाजवत होते. कणसुद्धा परक्याच्या तोंडी गेला नाही. नूतनच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. किल्ला नाही, म्हातारी नाही, गोगलगाय नाही, काही नाही. सगळं खोटं, सगळं ह्या कॅलेंडरातलं. ती चप्पल काढा, आत्या, आणि बसा."